खुडूक

भादव्यातली गोष्ट. सकाळी सून ओसरीवर आली आणि म्हणाली, "मामा, तांबडी पुन्हा खुडूक बसली. आता हिला काय करावं?"

उठून पाहिलं. डालग्याखालच्या भुश्श्यात तांबडी अंग पसरून बसली होती. खाली अंडं नव्हतं, मक्याचं एक बुरकुंड होतं. हात पुढं केला तर पिसं फुलवून गुरगुरली आणि चोच मारली. पोटाखालची पिसं तिनं स्वतःच उपटून टाकली होती. अंड्याला उघड्या कातडीची ऊब थेट लागावी म्हणून कोंबडी असं करते. दिवसातून एकदा उठायचं, दोन दाणे टिपायचे, पाणी प्यायचं की पुन्हा जागेवर. असे एकवीस दिवस.

सुनेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आमचा कोंबडा आखाडातच पाहुण्यांच्या ताटात गेलेला. त्यामुळं घरच्या अंड्यांतून पिल्लू निघण्याची आशा नाही. वर पावसाळा. ओलीत पिल्लं जगत नाहीत, म्हणून आमच्याकडं दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच कोंबडी बसवायची रीत. शिवाय खुडूक कोंबडी अंडी देत नाही. नुसत्या बुरकुंडावर बसून राहिली तर वाळून जाईल, पिसवा होतील ते वेगळंच. "तिच्याच भल्यासाठी म्हणते," सून म्हणाली. तिनं मोबाईलवर पाहिलं होतं की खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवलं, तर पोट थंड पडून खुडूक मोडते.

खुडूक मोडायच्या आपल्याकडच्या रीती याहून कडक. पाण्यात बुडवून काढायचं, पायाला दोरी बांधून उन्हात ठेवायचं, नाहीतर तिचंच एक पीस नाकपुड्यांतून आरपार घालायचं. ते काढायच्या नादात ती दिवसभर हिंडते आणि बसायचं विसरते. लहानपणी आम्हाला त्याची मजा वाटायची. नथ घातलेली कोंबडी म्हणून आम्ही तिच्यामागं पळायचो.

पण "तिच्याच भल्यासाठी" हे शब्द ऐकले आणि मी थांबलो. तिचं भलं आणि आमची अंडी या दोन गोष्टी इतक्या सोयीनं एका जागी कशा आल्या?

माझ्या मायचा एक हिशेब होता. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक बसते, वर्षातून तीन-चार वेळा. माय म्हणायची, "दोन येळेस घराचं, तिसऱ्या येळेस तिचं." दोनदा ती खुडूक मोडायची आणि अंडी आठवडी बाजारात जायची. त्यातून मीठ, रॉकेल, आमच्या वह्या. तिसऱ्या वेळी मात्र टोपलीत भुस्सा घालून अकरा नाहीतर तेरा अंडी मांडायची. अंडी विषमच लागत. वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून कोपऱ्यात लोखंडाचा खिळा आणि कोळसा. मग एकवीस दिवस त्या टोपलीजवळ कुणी भांडं आपटायचं नाही. मायचं हे न्यायाचं गणित कुठल्या पोथीतून आलेलं नव्हतं. कोंबडीकडून घ्यायचं तर तिला काही द्यायला लागतं, एवढंच ते होतं.

१९७२ साली ते गणित मोडलं. आमचा हिंगोलीचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. पाऊस गेला, ज्वारी करपली, विहिरींनी तळ दाखवला. माणसं मिलो खाऊ लागली. खडी फोडायची दुष्काळी कामं निघाली. माय दोन कोस चालत कामावर जायची. मी सहा वर्षांचा होतो आणि माझी धाकटी बहीण मायच्या अंगावर पीत होती. तिला मोठ्या मायजवळ ठेवायचं तर दूध तोडायला पाहिजे होतं. मायनं कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला.

त्याच आठवड्यात आमची काळी कोंबडी खुडूक बसली. तिची ती तिसरी वेळ, म्हणजे हक्काची. पण पिल्लांना चारायला कणी कुठली? आणि अंडी बाजारात गेली नाहीत तर मीठ कुठलं? बुडवून काढायलाही घरात पाणी नव्हतं. मायनं तिचं पीस उपटलं आणि नाकात घातलं.

त्या रात्री बहीण रडून रडून झोपली. मला जाग आली तेव्हा माय ओसरीत डालग्याजवळ बसली होती. दूध दाटल्यानं तिला ठणका लागलेला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तिनं काळीला मांडीवर घेतलं, नाकातलं पीस ओढून काढलं आणि तिला पुन्हा भुश्श्यात ठेवलं. मला वाटलं, आता बसू देणार. सकाळी कामावर निघायच्या आधी तिनं तेच पीस परत नाकात घातलं. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी काळी उकिरड्यावर चरायला लागली. बहीणही त्याच सुमाराला दुधासाठी रडायची थांबली.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, "माय, रात्री काढायचीस तर सकाळी कामून घालायचीस?" ती म्हणाली, "मग काय करायचं व्हतं रे?" तिनं हे मला खरंच विचारलं होतं. मला उत्तर आलं नाही, अजूनही येत नाही. पण एक सांगतो. काळीच्या भल्यासाठी केलं, असं ती कधीही म्हणाली नाही.

माझा भाचा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला. तो मला हसतो. "मामा, ती माया नाही, हार्मोन आहे. प्रोलॅक्टिन वाढलं की कोंबडी खुडूक होते. तिला अंडं आणि बुरकुंड यातला फरकसुद्धा कळत नाही." मी विचारलं, हे प्रोलॅक्टिन म्हणजे काय? तर म्हणाला, बाईच्या अंगात दूध तयार करतं तेच, नावच दुधावरून पडलंय. मग मी काही बोललो नाही. मायच्या छातीतला ठणका आणि काळीची गुरगुर एकाच रसायनाची असेल, तर एकीला माया आणि दुसरीला नुसतं हार्मोन म्हणायचं कसं? बुरकुंडावर बसलेली कोंबडी फसलेली असते हे कबूल. पण तिची बसायची ओढ खरीच असते.

आता तर पिसाचीही गरज उरली नाही. शेडमधली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि खुडूक म्हणून बसत नाही. पिढ्यानपिढ्या निवड करून ती ओढच तिच्यातून काढून टाकली आहे. अंडी उबवायला मशीन आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं परसासाठी काढलेली वनराजा आमच्या गावातही आली. तीही क्वचितच बसते. कुणी म्हणेल, बरंच झालं, ओढच नाही तर छळही नाही. हे खोडून काढणं मला जमत नाही. तरी वाटतं, माय ज्या कोंबडीच्या नाकात पीस घालायची, तिच्याकडं रोज बघायची तरी. तिचं देणं राहिलंय हे तिला ठाऊक होतं. लेगहॉर्नचं देणं कुणाच्या खात्यावर मांडायचं?

असो. सुनेला मी म्हटलं, "पहिल्या दोन वेळा मोडलीस ना? मग आता कामून छळायलीस तिला? बसू दे."

"पावसात पिल्लं मेली तर पाप कुणाला?" तिनं विचारलं. प्रश्न रास्त होता. एका जिवाची ओढ भागवायला दुसरे नऊ जीव चिखलात घालायचे, हाही काही मोठा धर्म नाही. मी म्हटलं, टोपली माझ्या खोलीत ठेवू. घाण मी काढीन.

शेजारच्या वहिनींकडं कोंबडा आहे. त्यांच्याकडून नऊ अंडी आणली आणि रात्री अंधारात तांबडीखाली सरकवली. ही सुद्धा फसवणूकच, पण तिला चालली. आठव्या दिवशी नातवानं मोबाईलच्या उजेडावर अंडी धरून पाहिली. दोन कोरी निघाली. विसाव्या रात्री अंड्यांच्या आतून चिवचिव ऐकू यायला लागली आणि तांबडी हळू आवाजात तिला उत्तर देत होती. त्या रात्री मला झोप नव्हती, पण ती काही तिच्यामुळं नाही, गुडघ्यामुळं.

सातांतली सहा फुटली. एक गारठ्यानं गेलं, एक घारीनं उचललं. चार अंगणात हिंडतायत. सून म्हणते, पुढच्या खेपेला मात्र मी तिला पिंजऱ्यातच घालणार.

मी म्हटलं, घाल. पुढची खेप तुझीच आहे.