हिशेब वस्तूपर्यंत पोहोचला पाहिजे

इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, वर्षाला किती हरितगृह वायू हवेत सोडते? २०१९ या वर्षापुरतं उत्तर आहे: कार्बन डायऑक्साइडच्या मापात सुमारे अडीच कोटी टन. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हा आकडा. १९९०च्या तुलनेत तो २६ टक्क्यांनी कमी आहे. पण आकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. तो कसा काढला, यावर त्याचा उपयोग ठरतो.

यातले २४ टक्के प्रत्यक्ष रुग्णसेवेचे: इमारतींची ऊर्जा, भुलीचे वायू, इनहेलर वगैरे. कर्मचारी, रुग्ण आणि भेटायला येणारे यांच्या प्रवासाचे १० टक्के, खासगी संस्थांकडून विकत घेतलेल्या सेवेचे ४ टक्के. उरलेले ६२ टक्के खरेदीचे: औषधं, हातमोजे, उपकरणं, जेवण.

वीज आणि गॅसला मीटर असतो. या ६२ टक्क्यांना मीटर कुठून आणायचा? वस्तू लाखो, कारखाने जगभर विखुरलेले. म्हणून अर्थशास्त्राची वाट धरावी लागते. एखाद्या उद्योगात पौंडामागे सरासरी किती उत्सर्जन होतं याची कोष्टकं असतात. त्या सरासरीला खर्चाने गुणायचं. या पद्धतीचं मोठं बळ असं, की काहीच सुटत नाही. पण तिची मर्यादाही इथेच आहे. रुग्णालयाने घासाघीस करून तेच हातमोजे स्वस्तात घेतले, तर कागदावर उत्सर्जन घटतं. हवेत काहीच बदलत नाही. उलट स्वच्छ ऊर्जेवर चालणाऱ्या कारखान्याचे महाग हातमोजे घेतले, तर कागदावर उत्सर्जन वाढतं. भार कुठे आहे हे असा आकडा ढोबळमानाने सांगतो. आपण केलेल्या सुधारणेची नोंद मात्र घेत नाही.

आता हिशेब वस्तूपर्यंत नेला की काय होतं ते पाहू. नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठी वापरला जाणारा जुना वायू. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा. अनेक रुग्णालयांत मोठे सिलिंडर एका खोलीत जोडलेले असतात आणि तिथून भिंतींतल्या नळ्यांनी वायू शस्त्रक्रियागृहांत जातो. खरेदीच्या नोंदी पाहिल्या तर एवढंच कळतं, की इतका वायू आला. स्कॉटलंडमध्ये लोदियन भागातल्या रुग्णालयांत आणखी एक प्रश्न विचारला गेला: त्यातला रुग्णांपर्यंत किती पोहोचला? दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर दिसलं, की बहुतांश वायू वाटेतच गळतो आहे. मग नळ्यांची व्यवस्था बंद करून भुलीच्या यंत्राजवळ लहान सिलिंडर ठेवता येतात. रुग्णाच्या उपचारात काडीचाही फरक पडत नाही. पर्यावरणाचा विचार केला की रुग्णाच्या वाट्याचं काही काढून घ्यावं लागतं, या समजाला याहून चोख उत्तर नाही.

इनहेलरचा हिशेब थोडा नाजूक आहे. दाबून फवारा सोडणाऱ्या नेहमीच्या इनहेलरमधला औषध ढकलणारा वायू तापमान वाढवतो. कोरड्या पावडरीच्या इनहेलरमध्ये तो नसतोच. पण पावडर आत ओढायला जोराचा श्वास लागतो, आणि लहान मुलं किंवा थकलेले वृद्ध यांना तो जमेलच असं नाही. म्हणून इथे आकड्यावरून हुकूम काढता येत नाही. मात्र कोणत्या रुग्णाला तात्पुरत्या आरामाचे इनहेलर वारंवार लागतात हे पाहता येतं. त्याचा दमा आटोक्यात नाही, हे त्यातून कळतं. त्याला नीट उपचार मिळाले तर त्याचा श्वासही सुधारतो आणि उत्सर्जनही घटतं.

थेट ताब्यातलं निव्वळ उत्सर्जन २०४०पर्यंत आणि पुरवठ्यासकट सगळं २०४५पर्यंत शून्यावर आणायचं, असं एनएचएसने ऑक्टोबर २०२०मध्ये जाहीर केलं. जुलै २०२२मध्ये या उद्दिष्टाला कायद्याचं पाठबळ मिळालं. पुरवठादारांकडून उत्सर्जन घटवण्याचे आराखडे मागायलाही सुरुवात झाली आहे. ही दिशा योग्य आहे, कारण पुरवठादाराचं स्वतःचं माप हाती आल्याशिवाय त्या ६२ टक्क्यांतली खरी सुधारणा कुणालाच दिसणार नाही. एकूण बेरीज हवीच, कुठे पाहायचं ते तीच दाखवते. पण तिथे पोहोचून सिलिंडर, नळी, खोका मोजणारा माणूस नेमला नाही, तर ती बेरीज दरवर्षी छापली जाईल आणि गळती चालूच राहील.