उंबऱ्याशी आलेली गंगा

आमच्या चुडाव्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पूर्णा नदी तिला आमच्याच तालुक्यात मिळते, पुढं विष्णुपुरीच्या बंधाऱ्याला ती अडते आणि मग नांदेड लागतं. माझी मावशी तिथं नदीकाठच्या सखल वस्तीत राहते.

एका पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले. नदी काठोकाठ भरली की नाल्यांची तोंडं तुंबतात आणि सगळं पाणी उलटं फिरतं. मावशीच्या घरात ते मोरीतून वर आलं. काळपट, वर साबणाचा फेस. मी गेले तेव्हा ती उंबऱ्याशी वाकून त्याला हळदकुंकू वाहत होती. खण तिनं पाण्यावर सोडला. तो गिरक्या घेत एका प्लास्टिकच्या पिशवीला जाऊन अडकला.

"गंगामाय दाराशी आली, तिला रिकामं कसं पाठवू?"

हे गटाराचं पाणी आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बोलले नाही. गटार शेवटी गंगेतच जातं, मग दोन्ही वेगळी कशी काढायची?

वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, असं आजी म्हणायची. लहानपणी त्यात मला मोठा धीर वाटायचा. आता वाटतं, आमची सगळी बेफिकिरी याच एका समजुतीच्या आडोशाला बसली आहे. कारण विटाळ आम्ही पाळलाच की! २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं प्यायली, तर तळं बाटलं म्हणून शेण-गोमूत्र कालवलेले घडे त्यात ओतले गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असंही त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात आहे. माणसाला लांब ठेवणारे नियम पिढ्यान्‌पिढ्या अंगी भिनले. हा एवढा मात्र कुणाच्या ध्यानात राहिला नाही.

नांदेड प्यायचं पाणी विष्णुपुरीतून घेतं आणि नाले बंधाऱ्याच्या खाली सोडतं. त्याच्याही खाली, तेलंगणात बासर आहे. तिथं सरस्वतीपुढं लेकरांची पहिली अक्षरं गिरवून घेतात आणि त्याआधी गंगेत बुडी मारतात. नदीला आई म्हणायचं, तर खालच्या काठावरची ती लेकरं आपली भावंडं झाली. मैलापाणी शुद्ध करूनच सोडणं, नाल्याच्या पोटात भराव टाकून घरं न उठवणं, ही मला आरतीइतकीच देवाची कामं वाटतात. आरती तर घाटावर रोज होते.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. आम्ही दोघींनी खराट्यानं घर खरवडलं. भिंतीवर गुडघाभर उंचीची काळी रेघ राहिली, ती काही गेली नाही. गाळाची बादली भरली तशी मावशी ती उचलून मोरीपाशी गेली, ओतायला वाकली आणि तशीच थांबली.

"कुठं टाकू गं ही?" तिनं विचारलं.