वय नेमकं कुठं लागतं?

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचा गुडघा दुखला, जिना चढताना त्याला धाप लागली, एका रात्रीच्या जागरणानं दुसरा दिवस वाया गेला, तर आपल्याकडे सगळ्याला एकच उत्तर मिळतं: वय झालं. उत्तर खोटं नाही, पण ढोबळ आहे. काय गेलं, काय शाबूत आहे, कशाला अजून अवकाश आहे, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आणि कळत नाही म्हणून माणूस जे गेलं त्याच्याबरोबर जे राहिलंय तेही सोडून देतो. हौशी सायकल शर्यतींचा एक अख्खा हंगाम पदरी पडल्यावर मला सांगावंसं वाटतं ते एवढंच, की शर्यत या ढोबळ उत्तराचे तुकडे करते आणि एकेक तुकडा उजेडात धरून दाखवते. या वयात शर्यतीत उतरायचं ते त्यासाठी.

वऱ्हाडात सायकलचा हंगाम दसऱ्याला उघडतो आणि होळीला संपतो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते, आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. मधले महिने मात्र सोन्यासारखे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतून पहाटे निघावं. एमआयडीसीचे दिवे मागे पडतात, टोलनाका मागे पडतो, आणि महामार्ग मोझरी-तिवस्याकडे सरळ होतो. दुसरा रस्ता मोर्शी-वरुडकडे, संत्र्याच्या पट्ट्यात जातो. अकोल्याच्या बाजूला तर याच महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली, आणि त्या कामाची गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता असला की खड्ड्यांची सबब उरत नाही. उरतो तो वारा, आणि आपले पाय.

मग एकट्यानंच का फिरू नये? फिरावं, जरूर फिरावं. त्यानं तब्येत राहते, मन मोकळं होतं. पण एकटा माणूस रस्त्याशी तडजोड करतो. वारा समोरून आला की वेग उतरवतो, चढ आला की चहाची टपरी शोधतो, आणि घरी आल्यावर त्याला आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटतं. शर्यतीत सुरुवातीची वेळ दुसऱ्यानं ठरवलेली असते, अंतर दुसऱ्यानं, आणि वेग तर पुढच्या माणसानं. आपण थकलोत की नाही, हे तिथं कुणी विचारत नाही. म्हणूनच तिथलं मोजमाप खरं असतं.

त्यात पहिल्यांदा दिसतं ते गेलेलं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर राहिलेले असतात. बारा-पंधरा जणांचा घोळका, पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांत हातभर अंतर, चेनींची एकसारखी सळसळ. तोवर आपण त्यांच्यातलेच असतो. श्वास जड, पण ताब्यात. मग डावीकडून एक पोट्टा सीटवरून उठतो, गिअरचा खट्ट आवाज होतो, आणि सगळा घोळका एकदम ताणला जातो. आपणही उठतो. पायांना हुकूम जातो, पण पाय तो अर्ध्या क्षणानं उशिरा ऐकतात. हातभराचं अंतर दोन हातांचं होतं, मग सायकलभराचं. सायकलभर अंतर पडलं की वारा थेट छातीवर येतो, आणि त्यानंतर ते भरून निघत नाही.

याला कारण आहे. स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. काही सावकाश पण तासन् तास काम करणारे, काही क्षणात पेटून लवकर विझणारे. वाढत्या वयात झिजतात ते मुख्यतः दुसरे. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही खाली येते. सरासरीचं एक सूत्र आहे: २०८ मधून वयाचे सात-दशांश वजा करायचे. पंचविशीत ती १९० च्या आसपास असते, पन्नाशीत १७३. कितीही सराव केला तरी ही मर्यादा वर चढत नाही. तेव्हा अखेरच्या झेपेत जे हरलं ते आपल्या इच्छेच्या कमतरतेमुळं नव्हतं. तिथं वय खरोखर लागलेलं असतं, आणि ते मान्य करण्यात काही कमीपणा नाही.

पण त्याच शर्यतीतली आधीची दोन तासांची गोष्ट निराळी असते. सपाट रस्त्यावर, एका लयीत, त्या पोट्ट्यांच्या बरोबरीनं आपण आलेलो असतो. दमसास इतक्या सहजी जात नाही. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते असं मानतात. नेमानं सराव ठेवणाऱ्यांत ही घट निम्म्यावर येऊ शकते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघानं नऊ दिवसांच्या आत पुरी केली, तेव्हा थोरल्या भावानं चाळिशी ओलांडलेली होती. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. तेही काही विशीतले नव्हते. अंतर जितकं लांब, तितकं वयाचं वजन कमी. फ्रान्सच्या रॉबेअर मार्शां यांची गोष्ट तर सायकलवाल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. २०१२ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांनी तासाभरात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. पुढं पद्धतशीर सराव केला, आणि २०१४ मध्ये त्याच तासात २६.९२७ किलोमीटर गेले. त्यांची प्राणवायूची क्षमता या मधल्या काळात घटण्याऐवजी वाढलेली आढळली.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ५५ ते ७९ वर्षांच्या १२५ हौशी सायकलस्वारांची तपासणी झाली, ८४ पुरुष आणि ४१ स्त्रियांची. पुरुषांसाठी अट होती १०० किलोमीटर साडेसहा तासांत, स्त्रियांसाठी ६० किलोमीटर साडेपाच तासांत. हृदय, फुप्फुसं, स्नायू, हाडं, तोल, सगळं तपासलं. निष्कर्ष असा निघाला, की कोणत्याही एका मोजमापावरून त्या माणसाचं वय खात्रीनं सांगता येत नव्हतं. म्हणजे वय एकाच वेळी सगळीकडे, सारखं लागत नाही. ते इथं जास्त लागतं, तिथं कमी लागतं. आणि बैठ्या आयुष्यानं जे नेलं, तेही पुष्कळदा आपण वयाच्याच नावावर टाकतो.

तिसरी गोष्ट शर्यतीच्या दिवशी दिसत नाही; ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. विशीतला पोट्टा रविवारी जीव काढतो आणि मंगळवारी परत ताजा असतो. आपले पाय बुधवारपर्यंत जड राहतात. या वयात झीज भरून यायला वेळ लागतो. खाल्लेल्या प्रथिनांना स्नायू पूर्वीइतका जोरात प्रतिसाद देत नाहीत, गाढ झोपही कमी होते. म्हणून हंगामाची आखणी बदलते. दोन कठीण दिवसांत अंतर ठेवायचं, झोप मोडणारं निमंत्रण शर्यतीच्या आदल्या रात्री नाकारायचं, ताटात डाळ-उसळ वाढवायची. इथं क्षमता गेलेली नसते. तिला मोबदला जास्त द्यावा लागतो, इतकंच.

आणि चौथा तुकडा असा, की काही गोष्टी वाढलेल्या असतात. सायकलवर ताशी तीस किलोमीटरच्या पुढं गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग तीसवरून तेहेतीस केला, तर वेगात दहाच टक्क्यांची भर, पण हवेसाठी लागणारी ताकद एक-तृतीयांशानं वाढते. दुसऱ्याच्या आडोशाला राहिलं तर त्याच हवेत ताकदीची मोठी बचत होते. तेव्हा शर्यतीत नुसत्या बळाइतकीच किंमत आहे वारा ओळखण्याला. हिवाळ्यात आमच्याकडे तो बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणजे मोझरीकडे जाताना समोर आणि परतताना पाठीशी. आणि ऊन चढलं की त्याचा जोरही चढतो. आडवा वारा उजवीकडून असेल, तर पुढच्याच्या थेट मागं राहून उपयोग नाही, जरा डावीकडे सरकावं लागतं. कोण दमलाय हे त्याच्या खांद्यांवरून कळतं, कुणाचं चाक धरणं सुरक्षित आहे हे त्याच्या वळण घेण्यावरून. ही जाण पंचविशीत सहसा नसते, कारण तेव्हा तिची गरजच भासत नाही. बळ उतू जात असताना कोण वाऱ्याकडे बघतो?

पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला शेतकरी आपल्या विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही म्हणून वावर विकून बसत नाही. कुठलं पीक त्या पाण्याविना येईल हे त्याला ठाऊक असतं. कपाशी, तूर, ओलीवरचा हरभरा तो त्याच जमिनीतून काढतो. मध्यमवयाचं असंच आहे. अखेरच्या झेपेवर भिस्त ठेवणारी शर्यत आता आपली नाही. लांब पल्ल्याची, एका लयीची, वारा राखून चालवण्याची शर्यत आहे. पण हे कळायला आधी पाण्याची चव घेऊन पाहावी लागते.

टपरीवर कुणी आपुलकीनं म्हणतं, “काहो भाऊ, या वयात पोट्ट्यांसंगं कायले जीव काढता?” प्रश्नामागची काळजी खरी असते, आणि तिचा मान ठेवून आधी डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्यावी, छातीत दुखणं, चक्कर येणं याला जिद्दीनं उत्तर देऊ नये. पण प्रश्नाचं उत्तरही द्यावं. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था उभी आहे, तिथंही चाळिशीनंतरचा माणूस मैदानावर येतो तो बहुधा पाहुणा म्हणून, पंच म्हणून, नाहीतर मुलाला सोडायला आलेला बाप म्हणून. खेळणारा म्हणून त्याला जागा ठेवलेली नसते, आणि हळूहळू तोही ती मागायचं सोडतो. तालुक्यागणिक होणाऱ्या हौशी शर्यतींत चाळिशीपुढचा, पन्नाशीपुढचा गट हवा, आणि त्यात बायांसाठी वेगळी रांग हवी. बक्षीस छोटं चालेल, घड्याळ मात्र सगळ्यांना सारखं हवं.

ते घड्याळ जे सांगतं त्याचा उपयोग सायकलपुरता राहत नाही. एकदा वयाचे असे तुकडे पाहायची सवय लागली, की ऑफिसातल्या नव्या संगणकप्रणालीपुढं, मुलीच्या गणिताच्या पुस्तकापुढं, आईच्या आजारपणातल्या रात्रपाळ्यांपुढंही माणूस सरसकट हात टेकत नाही. तो विचारतो: यातलं माझ्याच्यानं काय होत नाही, काय उशिरा होतं, आणि काय पूर्वीपेक्षा बरं जमतं? तिन्हींची उत्तरं वेगळी निघतात, आणि त्यांचा हिशेब दर वर्षी बदलतो. गेल्या वर्षीच्या आकड्यांवर यंदाचं वय ठरवता येत नाही. म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या शर्यतीत नाव द्यायचं आणि पुन्हा मोजून घ्यायचं.