मूळ कागद कुणाचा?

वर्तमानपत्रातली चित्रकथा वाचून झाली की त्या कागदाचं आपण काय करतो? कपाटाच्या फळीवर अंथरतो, नाहीतर रद्दीत घालतो. पण ती छापण्याआधी कुणीतरी जाड पांढऱ्या कागदावर, छापील आकाराहून मोठी, काळ्या शाईनं काढलेली असते. १९३४ साली अमेरिकेत अ‍ॅलेक्स रेमंडची ‘फ्लॅश गॉर्डन’ सुरू झाली, त्याच वर्षी मिल्टन कॅनिफची ‘टेरी अँड द पायरेट्स’. साहसाच्या गोष्टी, थोड्या थोड्या. अशा मूळ कागदावर पेन्सिलीच्या पुसट रेघा दिसतात, चुकल्या जागी पांढरा रंग फासलेला दिसतो. हात दिसतो, असं म्हणा ना! फोटो घेऊन छपाईचा ठसा तयार झाला की कचेरीच्या लेखी त्या कागदाचं काम संपलं. कितीतरी पानं वाटून टाकली, कितीतरी फेकली. आज त्यातलं एखादं लिलावात निघालं तर हजारो डॉलरला जातं.

चित्र तर लाखो लोकांनी पाहिलंय, पुस्तकातही मिळतं. मग तोच कागद आपल्या घरात हवा, ही ओढ कसली? तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रह वस्तूत सांगितला नाही, मूर्च्छेत सांगितला; म्हणजे ‘माझं’ म्हणून चिकटून राहण्यात. त्या मापानं उत्तर सोपं वाटतं. चित्र डोळ्यांनी कधीच घेतलं. आता उरलं ते फक्त ‘माझ्याकडेच आहे’ एवढंच.

पण एवढ्यावर भागत नाही. पानं फेकणाऱ्या कचेरीला त्यांचा मोह नव्हता, म्हणून ती अपरिग्रही झाली का? मी म्हणते, मुळीच नाही. ती नुसती बेपर्वाई. कागद फेकणाऱ्या या कचेऱ्या गोष्टीवरचा हक्क मात्र घट्ट धरून होत्या. कॅनिफनं बारा वर्षं टेरी काढला आणि १९४६ च्या अखेरीस सोडला, कारण त्यावर त्याची मालकीच नव्हती. पुढच्या वर्षी ‘स्टीव्ह कॅन्यन’ सुरू केली, ती हक्क ठरवून घेऊनच. आणि ज्यांनी पानं वाचवली त्यांना मोह होताच की! तो नसता तर आज पाहायला काय उरलं असतं?

हे कोडं आपल्या घरचंच आहे. मूडबिद्रीला धवल-जयधवलाची ताडपत्रं शतकानुशतकं जपली. जपली म्हणून राहिली. पण लोकांना फक्त दर्शन, वाचायला मनाई. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींसारख्यांनी खटपट केली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नकला सुरू झाल्या. पहिला खंड छापून निघाला तो १९३९ साली. जपणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. कुलूप भक्तीनंच लावलेलं असतं. सांभाळणं संपून अडवणं कधी सुरू झालं, ते किल्लीवाल्याला कळत नाही, इतकंच.

परिग्रहाचं परिमाण करताना आपण साड्या मोजतो, सोनं मोजतो. एकुलता एक कागद कसा मोजायचा? संख्येत तर तो बसतच नाही.

१९७७ साली कॅनिफनं आपली चित्रं, पत्रं, सगळे कागद ओहायो राज्य विद्यापीठाला देऊन टाकले. तो तिथंच शिकला होता. त्यातून तिथं व्यंगचित्रांचं मोठं ग्रंथालय उभं राहिलं. अभ्यासाला येणाऱ्यांपुढे ती पानं आज टेबलावर ठेवली जातात. मालकी नाही म्हणून चालती चित्रकथा सोडून आलेला माणूस तो हाच.