खाजही सांगावी

विदर्भातला थंडीचा नीचांक बहुतेकदा गोंदियाच्या नावावर असतो. दरेकसाच्या डोंगरपट्ट्यात, हाजरा फॉलच्या आसपासच्या गावांत, या दिवसांत टाचा उलतात, ओठ फुटतात. ते सगळ्यांचंच असतं. पण ज्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस चालू आहे, त्यांच्या अंगाची खाज केवळ थंडीची नसते आणि थंडीसोबत जातही नाही.

घामाच्या, तेलाच्या ग्रंथी सुकतात. यंत्र रक्त धुतं, तरी सगळी घाण निघत नाही. फॉस्फरस साठतो, नसा चेतलेल्या राहतात. अंगावर पुरळ दिसत नाही, म्हणून घरच्यांना खरं वाटत नाही. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की खाज वाढते. डायलिसिसवरच्या दहांपैकी जवळजवळ चौघांना ती चांगलीच छळते, असं अनेक देशांतल्या पाहणीत दिसलं. अतोनात छळ होत असूनही कुणालाच न सांगणारे त्यात निघालेच.

का सांगत नसतील? दुखण्याला घरात मान असतो, खाजेला नसतो. खाजवणाऱ्याकडे लोक अस्वच्छ म्हणून पाहतात. आणि दरेकसाहून सालेकसा, आमगाव करत गोंदियाचं मोठं रुग्णालय गाठायचं, चार तास सुया टोचून पडून राहायचं, आठवड्यात दोन-तीनदा हेच. त्यात डॉक्टर समोर आले की माणूस श्वासाचं, सुजेचं, रक्ताचं बोलतो. खाज मागे राहते. मला हे फार जिव्हारी लागतं, कारण या खाजेवर करण्यासारखं पुष्कळ आहे.

कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ करावी, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळावं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल अंगाला लावायची इकडची रीत जुनीच आहे. नखं कापलेली असावीत. फॉस्फरसची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणासोबतच घ्यायची. उपाशीपोटी ती वाया जाते. 'कातडी कोरडी पडली, पाणी जास्त पी' हा मायेचा सल्ला मात्र इथे घातक आहे, जास्तीचं पाणी छातीत साठतं. घरात इतरांनाही खाज सुटली असेल तर खरूज तपासून घ्यावी.

एवढ्यानं भागलं नाही तर गॅबापेंटिनसारखं औषध अगदी थोड्या मात्रेत, बहुधा डायलिसिसनंतर देतात. ते मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतं, म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवणार. दुकानातून आपल्या मनानं आणायचं नाही. 2021 साली अमेरिकेत तर खास याच खाजेसाठी एका इंजेक्शनला मंजुरी मिळाली.

आज ज्यांची पाळी आहे त्यांच्यासोबत जाणाऱ्या मुलानं, सुनेनं, बायकोनं सुया लागण्याआधीच सांगावं: यांना रात्रभर खाज सुटते, झोप होत नाही.