आजार नाही, म्हणून औषध नाही?

ज्या विषयावर आपल्या घरांत बायकासुद्धा आवाज खाली करून बोलतात, त्या विषयावर आज चार शब्द लिहावयाचे योजले आहे. विषय आहे पाळी जाण्याचा काळ. पुस्तकी मराठीत त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. पुरुष वाचकांनी कृपा करून पान उलटू नये. हा प्रश्न कुपात खोलीमच्या पैशाचा, म्हणजे आपण सर्वांनी मिळून भरलेल्या पैशाचा आहे, आणि त्याहूनही अधिक आपल्या न्यायबुद्धीचा आहे.

प्रश्न असा की, पाळी जाणे ही निसर्गाची रीत आहे, आजार नव्हे. मग त्यावरच्या उपचाराचा भार सार्वजनिक विम्याने का उचलावा? असे केवळ हिशेब ठेवणारे विचारतात असे नाही, आपल्या भगिनीही विचारतात. “आमच्या आईने कुठे औषध घेतले होते? तिचे निभावलेच ना?” हे वाक्य मी परिचारिकेच्या नोकरीत इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा नीट विचार करणे मला भाग वाटते.

या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, ते आधी मान्य करू. पुष्कळ बायकांचा हा काळ फारसा त्रास न होता जातो. कोकणातल्या आपल्या जुन्या बायका तर “सुटले एकदाची” असे म्हणून समाधान मानीत. प्रत्येक पन्नाशीच्या बाईला रोगी ठरवून तिच्या हाती गोळ्यांची बाटली देणे हा शहाणपणा नव्हे. या भीतीवर धंदा करणारे लोक आहेत, आणि त्यांच्या भुकट्यांचा व चूर्णांचा खर्च कोणत्याही विम्याने सोसू नये असेच मी म्हणेन.

परंतु “नैसर्गिक आहे, म्हणून खर्च नको” हा नियम आपण दुसरीकडे कुठे लावतो का, ते पाहावे. बाळंतपणाहून नैसर्गिक काय आहे? तरी इस्राएलमध्ये इस्पितळातल्या बाळंतपणाचा खर्च बिटुआख लेउमी देते. आई आणि तान्हे मूल यांच्यासाठी गावोगावी टिपत खालावची केंद्रे आहेत. ज्या जोडप्याला मूल होत नाही, त्याला प्रयोगशाळेत गर्भधारणा करण्याचा उपचार दोन मुले होईपर्यंत सार्वजनिक खर्चाने मिळतो. स्वतःचे बीज वापरणाऱ्या स्त्रीला तो 45 वर्षांच्या वयापर्यंत मिळतो. जगात फार थोडे देश इतके करतात आणि याचा मला अभिमान आहे. म्हातारपणी डोळ्यांत मोतीबिंदू होणे हेही निसर्गाचेच काम, पण “नैसर्गिक आहे, आंधळे राहा” असे आपण आजोबांना म्हणत नाही.

तेव्हा निसर्ग ही आपली खरी कसोटी कधीच नव्हती. ती फक्त या एकाच ठिकाणी पुढे केली जाते. असे का? माझ्या मते उत्तर कडू आहे. बाळंतपणातून घराला व देशाला मूल मिळते. पाळी गेल्यानंतरच्या उपचारातून बाईला फक्त तिची स्वतःची झोप, स्वतःची हाडे आणि स्वतःचे धड शरीर मिळते. तेवढ्यासाठी खर्च करणे आपल्याला चैन वाटते.

भाषेतही हे दिसते. या वयाला हिब्रूत पूर्वी सर्रास ‘गिल हाब्लूत’ म्हणत. बेरेशीतच्या 18व्या अध्यायात पुत्र होईल असे ऐकून सारा मनाशी हसते, तेव्हा ती स्वतःविषयी याच धातूचा शब्द वापरते. वस्त्र जुने होऊन विरते, त्या विरण्याचा तो शब्द. सारेने तो स्वतःविषयी, हसत वापरला. पण सबंध समाजाने तोच शब्द प्रत्येक बाईला चिकटवावा, ही गोष्ट निराळी. विरलेल्या कापडाला कोणी ठिगळ लावत बसत नाही. आता ‘गिल हामाआवार’, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचे वय, असे म्हणतात. हा शब्द बरा आहे, कारण जिला पुढे जावयाचे आहे तिच्या वाटेची काळजी घ्यावी लागते.

वाट किती लांबीची आहे तेही सांगते. भारतात वाढलेल्या बायकांची पाळी सरासरीने 46–47व्या वर्षी जाते. युरोप–अमेरिकेत ती 51च्या आसपास जाते. अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने गाऊन भिजणे, हा त्रास चार दिवसांचा पाहुणा नव्हे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत तो मध्यम हिशेबाने 7.4 वर्षे टिकल्याचे आढळले. ज्यांची पाळी चाळिशीच्या आत जाते त्यांच्या हाडांना व हृदयाला धोका अधिक, म्हणून त्यांनी तर उपचाराविना राहूच नये. शिवाय एक नुकसान मुकाट्याने होत असते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. त्याचा निकाल पंधरा–वीस वर्षांनी लागतो, न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. अस्थिरोग विभागात मी अशा कित्येक आजीबाईंच्या उशापायथ्याशी उभी राहिले आहे. त्या मोडलेल्या हाडाचा सगळा खर्च विमा विनातक्रार देतो. जे वीस वर्षांपूर्वी थोडक्यात सांभाळता आले असते, त्याची मात्र वेळीच विचारपूस झालेली नसते.

औषधांविषयी भीती आहे, आणि ती अकारण नाही. जुलै 2002 मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांवर स्त्रियांवरचा हार्मोनचा एक प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे 8 रुग्ण अधिक दिसल्या आणि खुब्याची मोडलेली हाडे सुमारे 5 ने कमी दिसली. त्या बायकांचे सरासरी वय 63 होते, ही गोष्ट मात्र वर्तमानपत्री मथळ्यांत हरवली. जगभर औषधे एका रात्रीत बंद झाली, आणि डॉक्टरांच्या एका सबंध पिढीला या विषयाचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. पुढे विचार बदलला. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना 2015 मध्ये आल्या, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधांवरचा ठळक इशारा काढण्याचे जाहीर केले. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात की साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, त्रास होत असलेल्या निरोगी स्त्रीला हानीपेक्षा लाभ अधिक आहे. जिला स्तनाचा कर्करोग झाला आहे किंवा रक्ताच्या गाठी झाल्या आहेत तिची गोष्ट वेगळी. म्हणून हा निर्णय शेजारणीच्या सल्ल्याने नव्हे, जाणकार डॉक्टरांशी बसून बोलून घ्यावयाचा असतो.

आता विरुद्ध बाजू ऐकू. ‘सल हाब्रियुत’, म्हणजे विम्यात काय मिळेल याची यादी, दरवर्षी एक सार्वजनिक समिती वाढविते. 2024 साली त्यासाठी 65 कोटी शेकेल होते आणि मागण्या त्याच्या कितीतरी पट. एका बाजूला कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला तरुण, दुसऱ्या बाजूला रात्री घाम येणारी बाई. समितीतल्या माणसांच्या जागी मी असते तर मीही त्या तरुणाकडे पाहिले असते. एखादी नवी, महाग गोळी या वर्षी यादीत आली नाही तर त्याला मी अन्याय म्हणणार नाही.

पण बहुतेक बायकांना महाग गोळी लागतच नाही. त्यांना लागते ते या विषयाची माहिती असलेल्या डॉक्टरचा अर्धा तास, जुनी नि स्वस्त औषधे, वेळेवर हाडांची तपासणी, आणि लघवी धरवत नसेल तर व्यायाम शिकविणारी एखादी बाई. यात परवडण्याचा प्रश्न मोठा नाही, प्रश्न दखल घेण्याचा आहे. विम्याचे दार दहा मिनिटांत बंद झाले की, जिच्याजवळ पैसा आहे ती पूरक विम्यातून किंवा खासगी डॉक्टरकडे जाते. जी डिमोना, लोद, अश्दोदमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करून किंवा कारखान्यात उभी राहून पोट भरते, ती रात्रभर जागी राहून सकाळी सहाची बस पकडते. 2021च्या कायद्याने बायकांचे निवृत्तीचे वय 62 वरून हळूहळू 65 होत आहे. देशाला तिचे काम अधिक वर्षे हवे असेल, तर ते काम करणारे शरीर त्याच हिशेबात धरावयास नको काय?

राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा 1994 साली झाला आणि 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला. न्याय, समता आणि परस्पर साहाय्य या तत्त्वांवर तो उभा राहील असे त्याच्या आरंभीच लिहिले आहे. परस्पर साहाय्य म्हणजे काय? मी तरुण व निरोगी असताना दुसऱ्याच्या दुखण्यासाठी भरले, आणि माझी पाळी आली तेव्हा दुसऱ्याने माझ्यासाठी भरले. आपल्या बायका तीस–तीस वर्षे पगारातून आरोग्य कर देत आल्या आहेत. त्या जेव्हा विचारतात, तेव्हा त्या भीक मागत नाहीत.

अडचण अशी की त्या विचारीतच नाहीत. सोसणे हा आपल्याकडे बाईचा दागिना मानला गेला आहे. ज्या दुःखावर उपाय नाही ते धीराने सोसणे हा मोठा गुण आहे, हे मी मरणशय्येजवळ पाहिले आहे. पण उपाय असताना सोसणे हा गुण नव्हे, ती नुसती सवय आहे. आणि ती सवय फक्त आपल्यापुरती राहत नाही. जी सासू “आम्ही नाही का सोसले” म्हणते, ती सुनेचे तोंड बंद करते. ज्या गोष्टीची तक्रार कुठल्याच कागदावर नोंदली जात नाही, ती कुठल्याच समितीपुढे जात नाही. मग समिती म्हणते की मागणीच नाही, आणि तिचेही खोटे नसते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावयास कुटुंबडॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, तेव्हा भगिनींनी जावे आणि वेळ अपुरा पडला तर पुन्हा जावे. स्तनाची तपासणी 50 ते 74 वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी मिळते, ती चुकवू नये. ज्या मुली येथे जन्मल्या व हिब्रूत शिकल्या, त्यांनी आईबरोबर जावे. “जीव घाबरतो” याचा शब्दशः तर्जुमा झाला की डॉक्टर हृदयाची पट्टी काढतात किंवा झोपेची गोळी लिहून देतात. त्याचा खरा अर्थ मुलीनेच समजावून द्यावा लागतो. आणि पुरुषांनी एवढेच करावे, की घरची बाई मध्यरात्री उठून खिडकी उघडते तेव्हा थंडी वाजते म्हणून कुरकुर न करता तिला एकदा विचारावे, किती दिवस चालले आहे हे?