मोतीचा अपराध

देहरादूनच्या बंगल्यात आमचा मोती 'बस' म्हणताच बसत असे. सकाळचे फिरणे आटोपून मी व्हरांड्यात काठी भिंतीला टेकवून उभा राहिलो की, शब्द तोंडातून निघण्यापूर्वीच त्याची बैठक जमे. पाहुण्यांपुढे हा आज्ञाधारकपणा मिरविताना अभिमान अर्थात मलाच वाटे. पुढे बदली होऊन आम्ही कोलकात्यास आलो. तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड, व्हरांडा नाही, फिरणे सकाळऐवजी रात्री. मोती 'बस' ऐकून माझ्या तोंडाकडे पाहत उभाच राही. चौथ्या दिवशी मी त्याला मारले.

त्या फटक्याचे समर्थन मला अद्याप करता आलेले नाही. आज्ञाभंग हा अपराध ठरण्यासाठी आज्ञा आधी कळलेली असावी लागते. मोती केवळ 'बस' हा शब्द शिकलाच नव्हता. तो शब्द, व्हरांडा, सकाळ, टेकविलेली काठी आणि माझी उभे राहण्याची ढब या साऱ्यांचे मिळून एक चित्र तो शिकला होता. त्यातले बहुतेक रंग मी पुसून टाकले, आणि उरलेल्यावरून चित्र ओळखले नाही म्हणून शिक्षा त्याला केली!

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांची तर ही नित्याची अडचण होती. सहायकाने कुत्र्याचा धडा पक्का करून घ्यावा, तो दाखविण्यासाठी गुरूंना बोलवावे, आणि गुरूंचे पाऊल खोलीत पडताच धडा नाहीसा व्हावा. असे व्यत्यय टाळण्यासाठी पुढे जाड भिंतींची, भोवती खंदक असलेली प्रयोगशाळाच बांधण्यात आली. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला आणि कुत्र्यांना पाण्यातून पोहवत न्यावे लागले. त्यानंतर काहींचे शिकलेले पार विसकटले. एकाची घडी मोठ्या कष्टाने पुन्हा बसविली. पण दाराखालून थोडेसे पाणी खोलीत येऊ देताच ती परत मोडली. पावलॉव्ह यांनी यात कुत्र्याचा हट्ट शोधला नाही. भोवती काय बदलले, हे शोधले.

मी स्वतःपुरता हाच न्याय किती तत्परतेने लावला होता! देहरादूनला पहाटे पाचला उठून तासभर वाचण्याचा माझा नेम सात वर्षे चालला. येथे आल्यापासून ते ग्रंथ खोक्यातच आहेत. दोष मी दमट हवेला दिला, रस्त्यावरच्या भोंग्यांना दिला. मला कोणी मारले नाही.

सद्गुण सवयीने अंगी येतात, असे ॲरिस्टॉटल सांगतो. परंतु सवय जर जागेला चिकटलेली असेल, तर तो सद्गुण माणसाचा म्हणावा की जागेचा? ज्या कचेरीत कोणी लाच देऊ करीत नाही, तेथली माझी सचोटी कितपत माझी? गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरण्यासाठी अभ्यासाच्या जोडीला वैराग्य सांगितले आहे. वैराग्य हा संन्याशांचा प्रांत, म्हणून मी ते आजवर सोडून देत आलो. आता वाटते, व्हरांड्यापुरते वैराग्य संसारी माणसालाही हवे. आपल्या खुर्चीचे, आपल्या वेळेचे ममत्व थोडे सुटावे, इतकेच.

मोतीला मी पुन्हा पहिल्यापासून शिकवीत आहे. आज जिन्यात, उद्या गच्चीवर. कधी पहाटे, कधी दिवे लागल्यावर. कधी मी स्वतः खाली बसून. जिन्यात आता तो बसतो. गच्चीवर दोनदा सांगावे लागते. फाटकाशी, जेथे मासळीवाला टोपली उतरवितो, तेथे मात्र अजून नाही.